मदत हवी आहे: भाचीसाठी खडकवासला की एझिमला?

नमस्कार मंडळी. आमची भाची सांगलीत बारावी सायन्सला आहे. समुद्र पाहिला तो सातवीच्या सहलीत, मालवणला, तेव्हापासून डोक्यात नौदलच. कपाटाच्या दारावर आतून युद्धनौकांची कात्रणं चिकटवलीत, वहिनी वैतागते.

मला समजलेलं असं: एक रस्ता एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा. यूपीएससीची लेखी, ९०० गुणांची (त्यात गणित ३००), मग एसएसबीचे, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या चाचण्या-मुलाखतींचे, पाच दिवस. खडकवासल्याला तीन वर्षं आणि पुढे नौदलवाल्यांना केरळात एझिमलाच्या अकादमीत एक वर्ष. दुसरा रस्ता १०+२ बीटेक एंट्रीचा, म्हणजे बारावीनंतर नौदलातच इंजिनिअरिंगची पदवी. त्यात लेखी वेगळी नाही, जेईई मेन या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या रँकवरून थेट एसएसबीला बोलावतात; चार वर्षं एझिमलालाच, पदवी जेएनयूची. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये मिळून ७० टक्के हवेत.

तिचं गणित पक्कं, पण जेईईचा वेग जमत नाही. आता दोन्हीची तयारी एकदम करावी, की जेईईवर भर देऊन एनडीए जाता जाता द्यावी? कोणाच्या घरातलं पोर यातून गेलंय का?

आणखी एक, तिला मायनस पाऊणचा चष्मा आहे. मेडिकलला प्रत्यक्षात काय होतं?

एका क्लासने ‘एसएसबी शंभर टक्के’ म्हणत साठ हजार सांगितले. मी चहा पिऊन उठलो. ग्रुप टास्क, मुलाखत यांची तयारी घरी कशी करून घ्यायची, तेवढं कोणी सांगा. मुलींच्या पालकांनी लिहिलं तर फारच बरं.