लिप फिलर तीन महिन्यांत उतरतो, की आपल्याला तसं वाटतं?

सावनी_ठाणे

माझं स्पष्ट मत आहे की फिलरच्या, म्हणजे ओठ-गाल भरदार दिसावेत म्हणून टोचतात त्या जेलच्या बाबतीत लोकांना मुदतीचं गाजर दाखवलं जातं. "नऊ ते बारा महिने आरामात टिकेल" असं सांगून ओठात एक सिरिंज भरतात, वीस-पंचवीस हजार घेतात आणि तीन महिन्यांनी आरशात बघावं तर जैसे थे. माझ्या मावसबहिणीने साखरपुड्याच्या आधी केलं होतं, लग्नाच्या फोटोंपर्यंत काही उरलंच नव्हतं. परत गेली तर म्हणे तुमचा मेटाबॉलिझम फास्ट आहे, टचअप करून घ्या, म्हणजे परत तेवढेच पैसे! एवढ्या किमतीची दुसरी कुठलीही वस्तू मुदतीआधी संपली तर आपण दुकानदाराला जाब विचारतो, मग इथेच पेशंटच्या शरीराचा दोष का काढायचा? ज्यांनी केलंय त्यांनी आणि जे करतात त्यांनीही लिहा.

त्वचावाली_नाशिक

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, फिलर करते, त्यामुळे माझी बाजू कुठली ते आधीच सांगून टाकते. तीन महिन्यांत सगळा फिलर गेला असं होणं फार कमी. बऱ्याचदा जाते ती सूज. ओठ म्हणजे भरपूर रक्तपुरवठा असलेला नाजूक भाग, तिथे सुई गेली की पहिले दोन-तीन दिवस तो फुगतोच, वर फिलरमधलं हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल स्वतःसुद्धा आजूबाजूचं पाणी ओढून घेतं. हे सगळं बसायला साधारण दोन आठवडे लागतात. आता गंमत म्हणून नाही, गांभीर्याने विचार करा की क्लिनिकमध्ये 'आफ्टर'चा फोटो कधी काढतात? सुई काढल्यावर दहा मिनिटांत. तोच फोटो पेशंटच्या मोबाइलमध्ये राहतो आणि पुढचे सगळे महिने ती त्या सुजलेल्या ओठाशी आजच्या ओठाची तुलना करत बसते. तुलना करायची तर सुईच्या आधीच्या फोटोशी करा, त्याच उजेडात, त्याच अँगलने, तोंड मिटून. माझ्याकडे "काहीच राहिलं नाही" म्हणत आलेल्या कित्येक जणींना जुना फोटो दाखवला की त्या स्वतःच गप्प होतात.

दुसरं म्हणजे सवय. रोज आरशात दिसणारा चेहरा महिन्याभरात नॉर्मल वाटायला लागतो.

रेग्युलेटरी_माणूस

सूज आणि सवय दोन्ही मान्य, पण डॉक्टर, मुदतीचा आकडा येतो कुठून ते पण सांगा ना, कारण सावनीताईंचा राग तिथेच बरोबर आहे. मी मेडिकल डिव्हाइसच्या कागदपत्रांचं काम करतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१३ मध्ये जुवेडर्म वोल्युमा ह्या फिलरला गालांसाठी मंजुरी दिली, 'दोन वर्षांपर्यंत' हा दावा तिथून आला आणि जगभरच्या जाहिरातीत गेला. त्याच प्रॉडक्टच्या माहितीपत्रकात लिहिलंय की ट्रायलमध्ये माणशी भरलेल्या फिलरचा मधला आकडा (मीडियन) ६.६ मिली होता, पहिली बैठक आणि महिन्याभरानंतरचा टचअप धरून. आणि 'टिकलं' म्हणजे काय, तर गालाचा भरीवपणा मोजायच्या ठरावीक मोजपट्टीवर सुरुवातीपेक्षा निदान एक पायरी सुधारणा अजून दिसतेय. पहिल्या दिवशी होतं तेवढंच सगळं दोन वर्षांनी आहे असा त्याचा अर्थ कुणीच लावू नये.

आता आपल्याकडे काय होतं? १ मिली म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. तेवढ्यात दोन्ही गाल, थोडं हनुवटीला आणि उरलं तर ओठाला, असं वाटून टाकतात कारण बजेट तेवढंच असतं, आणि मुदत मात्र ६.६ मिलीवाली सांगतात. मला हे चुकीचं वाटतं, आणि त्यात मेटाबॉलिझमचा काही संबंध नाही.

सावनी_ठाणे

+१०० हेच मला म्हणायचं होतं पण आकडे नव्हते माझ्याकडे!!

त्वचावाली_नाशिक

मात्रेचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, त्यावर वादच नाही. पण गालाचा आकडा ओठाला लावू नका, ओठाला १ मिली ही नेहमीची मात्रा आहे, नाजूक चेहरा असेल तर त्याहून कमीसुद्धा पुरते. ओठाचं दुखणं वेगळं आहे, तो दिवसभर हलतो, बोलणं खाणं पिणं हसणं, आणि तिथे मऊ जेल वापरावं लागतं नाहीतर हाताला गाठी लागतात. मऊ जेल बहुतेक वेळा गालातल्या घट्ट जेलपेक्षा लवकर विरतं. म्हणून ओठाला सहा महिने ते वर्ष असं मी सांगते, आणि सहा धरून चाला असंही सांगते.

जिमवाली_कोथरूड

मला पण हेच ऐकवलं गेलं की तू रोज वेट्स मारतेस, कार्डिओ करतेस, म्हणून तुझा फिलर विरघळला. म्हणजे मी व्यायाम करते ही चूक?? एवढं होतं तर सुई टोचायच्या आधी का नाही सांगितलं, तेव्हा तर काय छान फिट आहेस तू असं कौतुक चाललं होतं. डॉक्टर, याला काही पुरावा आहे का नुसतं ऐकीव आहे?

त्वचावाली_नाशिक

जिमवाली, पक्का पुरावा नाही. रोज जोरदार व्यायाम करणाऱ्यांचा फिलर लवकर कमी होतो असं बरेच डॉक्टर अनुभवावरून सांगतात, पण अनुभवात हेही येतं की भरपूर व्यायाम करणाऱ्यांच्या चेहऱ्यावरची चरबीही कमी असते, मग गाल मुळात बसलेले दिसतात. तुम्हाला व्यायामाचं कारण देऊन हात झटकले असतील तर ते योग्य नाही.

फिलर विरतो कसा ते थोडक्यात लिहिते. हायल्युरॉनिक ॲसिड आपल्या शरीरात असतंच, १९३४ मध्ये ते पहिल्यांदा गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळं केलं गेलं. साधारण ७० किलोच्या माणसात १५ ग्रॅमच्या आसपास असतं आणि त्यातलं जवळपास एक तृतीयांश रोज मोडून नवीन तयार होतं. म्हणजे नुसतं हायल्युरॉनिक ॲसिड टोचलं तर ते काही दिवसांतच निघून जाईल. म्हणून फिलरमध्ये त्याच्या साखळ्या एकमेकींना रसायनाने बांधतात, बहुतेक ब्रँडमध्ये बीडीडीई नावाचं रसायन असतं, त्याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. शरीरातलं हायल्युरॉनिडेज एन्झाइम ह्या बांधलेल्या साखळ्या हळूहळू तोडतं. कुणाच्यात हे जोरात चालतं कुणाच्यात सावकाश, तेव्हा फरक असतो हे खरं आहे, फक्त तो आधी मोजता येईल अशी टेस्ट माझ्याकडे नाही.

केमिस्ट्रीप्रेमी

डॉक्टरांच्या ह्याच मुद्द्याला धरून, बिनक्रॉसलिंकचं किंवा अगदी कमी क्रॉसलिंकिंगचं 'स्किन बूस्टर' नावाचं इंजेक्शन काही ठिकाणी सरळ फिलर म्हणून विकलं जातं. ते त्वचेला ओलावा द्यायला आहे, आकार द्यायला नाही. ते महिन्याभरात गेलं तर नवल काय! आणि ते सुईशिवाय नुसत्या दाबाने फिलर आत ढकलणारं हायल्युरॉन पेन, पार्लरमध्ये चालतं ते, त्याच्या बाबतीत एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये सरळ इशारा दिला की वापरू नका. प्लीज कुणी स्वस्तात मिळतंय म्हणून त्या वाटेला जाऊ नका, टिकण्याचा प्रश्न लांबच राहिला, रक्तवाहिनीत फिलर गेला तर कातडी मरू शकते, नजर जाऊ शकते.

मेलबर्नची_मेघना

मी उलट बाजू मांडते. इथे ऑस्ट्रेलियात गेली काही वर्षं चर्चा वेगळीच चाललीये, की फिलर जातच नाही! इथल्या एका कॉस्मेटिक डॉक्टरने मिडफेसच्या, म्हणजे चेहऱ्याच्या मधल्या भागाच्या ३३ एमआरआयचा अभ्यास छापला, त्या लोकांनी दोन वर्षांत तिथे काही भरलेलं नव्हतं तरी सगळ्यांच्या चेहऱ्यात फिलर दिसला. आपण मात्र 'उतरला उतरला' म्हणत दर सहा महिन्यांनी वर भरत राहतो. मग तो ओठाच्या कडेबाहेर सरकतो, वरच्या ओठावर मिशीसारखा फुगवटा येतो, डोळ्याखाली पाणी धरतो. उर्फी जावेदचंच बघा, जुलै २०२५ मध्ये तिने ओठातला फिलर इंजेक्शनने विरघळवून घेतला आणि सुजलेल्या चेहऱ्याचा व्हिडिओ टाकला, कारण तो नीट जागी नव्हता असं तिने सांगितलं. तिने किती वर्षं केलं ते बघा आणि तरी विरघळवायला सुई लागलीच. जे आपोआप तीन महिन्यांत जातं त्याला विरघळवायला कशाला लागतं?

म्हणून माझं म्हणणं, सावनी, तुझ्या बहिणीला टचअप करू नकोस म्हणावं. पैशासाठी नाही, चेहऱ्यासाठी.

रेग्युलेटरी_माणूस

मेघनाताई, ३३ माणसांवरून 'जातच नाही' असं म्हणणं मला पटत नाही. तो अभ्यास मिडफेसचा आहे, ओठांचा नाही, आणि एमआरआयमध्ये थोडंसं दिसणं आणि आरशात फरक दिसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. पेशंटने पैसे आरशातल्या फरकासाठी दिलेत. स्कॅनमध्ये शिल्लक आहे म्हणून तिची तक्रार खोटी ठरत नाही.

मेलबर्नची_मेघना

खोटी म्हटलंच नाही मी. तक्रार खरी आहे, उपाय चुकीचा आहे. दिसत नाही म्हणून नाहीच असं धरून वर भरणं, हे थांबायला हवं एवढंच.

त्वचावाली_नाशिक

मेघनाला अनुमोदन. जेल विरताना जितकं उरतं ते जास्त पाणी धरतं, म्हणून बराच काळ आकार राहतो आणि मग शेवटी एकदम उतरल्यासारखं वाटतं, हेही त्यात आहे.

प्राची_औरंगाबाद

मी माझं सांगते, कदाचित कुणाला उपयोग होईल. मला पॅकेज दिलं होतं, फिलर प्लस 'लिप फ्लिप'. दोन-अडीच महिन्यांत वरचा ओठ परत आत गेला आणि मला वाटलं फिलर संपला. दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की लिप फ्लिप म्हणजे बोटॉक्स, ओठाभोवतीचा स्नायू सैल करून ओठ बाहेर वळवतात, त्याचा परिणाम तेवढाच टिकतो. फिलर आत होताच, हाताला लागत होता. मला कुणी सांगितलंच नव्हतं की ह्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघांची मुदत वेगळी आहे. लिप फ्लिप दोन-तीन महिने, फिलर त्याहून जास्त, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहून दिलं असतं तर माझा त्रागा वाचला असता.

नागपूरकर_विवेक

माझं मत सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. मुळात चांगल्या चेहऱ्यात हे भरायचंच कशाला? तीन महिने टिको की तीन वर्षं. पोरींच्या डोक्यात रील्स बघून हे भरवलं जातंय आणि लग्नाच्या खर्चात आणखी एक आयटम वाढलाय, बापाने तो पण भरायचा का?

सावनी_ठाणे

विवेकजी, माझ्या बहिणीने स्वतःच्या पगारातून केलं. करायचं का नाही हा तिचा प्रश्न, दिलेल्या पैशात काय मिळालं हा ग्राहकाचा प्रश्न.

केमिस्ट्रीप्रेमी

विवेक, शिवाय हे फक्त नटण्यापुरतं नाहीये. एचआयव्हीच्या पेशंटच्या गालातली चरबी झडून चेहरा खोल जायचा आणि लोक चेहऱ्यावरूनच ओळखायचे, त्यांच्यासाठी स्कल्प्ट्रा नावाच्या फिलरला एफडीएने २००४ मध्ये मंजुरी दिली. तो हायल्युरॉनिकचा नाही, पॉलीलॅक्टिक ॲसिडचा आहे, हळूहळू कोलॅजन वाढवतो. अशा माणसाला 'कशाला भरायचं' असं विचारणार का तुम्ही?

नागपूरकर_विवेक

आजारपणात करणाऱ्यांबद्दल माझी काही हरकत नाही, ते वेगळं. लग्नाच्या दबावाबद्दल मी बोललो आणि त्यावर मी ठाम आहे. बाकी एक शंका, आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असतं, हे औषध कुरिअरने येतं तेव्हा खराब नाही होत का?

त्वचावाली_नाशिक

चांगला प्रश्न आहे. बहुतेक हायल्युरॉनिक फिलर २५ डिग्रीपर्यंत ठेवायचे असतात, खोक्यावर लिहिलेलं असतं. बोटॉक्सला तर फ्रिजच लागतो. तेव्हा खोकं पेशंटसमोर उघडायला लावा, तारीख बघा.

आणि वजनाचा मुद्दा राहिला. मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं, त्यानंतर माझ्याकडे "गालाचा फिलर गेला" म्हणणाऱ्यांत वजन उतरवलेले पेशंट दिसायला लागलेत. दहा-पंधरा किलो कमी झाल्यावर गालाची स्वतःची चरबी जाते, त्यात फिलर बिचारा काय करणार. वजन स्थिर होईपर्यंत मी सुई हातात घेत नाही.

जिमवाली_कोथरूड

हे सगळं ठीक आहे पण मग पेशंटने नक्की धरायचं कुणाला? टिकलं नाही तर पैसे परत मिळायला हवेत असं माझं मत आहे.

त्वचावाली_नाशिक

इथे मी सहमत नाही. शरीरावर होणाऱ्या उपचाराची गॅरंटी कुठलाच प्रामाणिक डॉक्टर देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून मी तरी लांब राहीन. पण दोन आठवड्यांनी विनामूल्य तपासणी, तेव्हाचा फोटो, आणि कमी पडलं असेल तर स्पष्ट सांगणं, एवढं पेशंटने मागायलाच हवं.

रेग्युलेटरी_माणूस

गॅरंटी नको, हिशोब हवा. बिलावर ब्रँडचं पूर्ण नाव, बॅच नंबर आणि कुठे किती मिली. सिरिंजच्या खोक्यात सोलून काढायचे स्टिकर असतात, ते ह्यासाठीच दिलेले असतात. "फिलर १ नग" असं लिहिलेलं बिल घेऊ नका.

सावनी_ठाणे

बहिणीचं बिल आत्ता मागवून बघितलं. त्यावर 'प्रोसिजर चार्जेस' एवढंच आहे, ब्रँड नाही, मिली नाही. मुदत सांगताना यांना सगळं पाठ असतं, लिहून द्यायच्या वेळी काहीच नाही. माझं मत मी बदलत नाही.

त्वचावाली_नाशिक

बदलू नका. उद्या क्लिनिकला फोन करून तिच्या नावाच्या फाइलमधला बॅच नंबर मागा, आणि तो मिळेपर्यंत तिला तिथे टचअपला पाठवू नका.