कोल्ह्याच्या सिनेमावर सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

रोहितभाऊ (ए-३०२): काल हॉलमध्ये 'फॅन्टास्टिक मिस्टर फॉक्स' सुरू होता तेव्हा एकही पोट्टा जागचा हलला नाही. फक्त एक सांगा, चित्र असं अडखळत काऊन चालते? आमचा विचारून राहिला होता, नेट स्लो आहे का म्हणून.

स्नेहाताई (बी-१०४): नेट बरोबर होतं, रोहित. त्या खरोखरच्या बाहुल्या आहेत. बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं जातात. इथे बाहुलीची एकेक स्थिती दोन चित्रांपुरती ठेवली आहे, म्हणजे सेकंदाला १२ हालचाली. दिग्दर्शक वेस अँडरसनला ते अडखळणं हवंच होतं.
कोल्हा नुसता उभा असतो तेव्हा त्याच्या गालावरचे आणि मानेवरचे केस बघा. सारखे सळसळतात. वारा नसतो तिथे. प्रत्येक फोटोआधी कारागिराची बोटं लागतात आणि केस इकडचे तिकडे होतात. १९३३ च्या 'किंग काँग'मध्ये त्या गोरिलाचे केसही असेच हलतात. आणि धूर? पिंजलेला कापूस आहे तो! मला फार आवडतं हे. माणसाचा हात पडद्यावर दिसतो.

रोहितभाऊ (ए-३०२): कापूस! आता परत पाहतो.

नाना (ए-१०१): हाताचं काम उत्तमच आहे. माझी तक्रार गोष्टीबद्दल आहे. रोआल्ड डालचं १९७० चं पुस्तक मी नातीला वाचून दाखवलंय. त्यात कोल्ह्याला चार पिल्लं आहेत. तीन शेतकरी बिळाच्या तोंडाशी बंदुका घेऊन बसलेत, खाली पिल्लं उपाशी आणि आई इतकी खंगलेली की तिला उठवत नाही. पुस्तकात सगळा जीव त्या भुकेत आहे. सिनेमात एकच पोरगा, त्यात पाहुणा आलेला भाऊ, त्यांची चढाओढ, वडील वर्तमानपत्रात सदर लिहितात... मोठ्यांची गोष्ट होऊन गेली ती.

मीनाकाकू (सी-२०३): मला तर चोरीच खटकली बाप्पा. नायकच कोंबड्या पळवतो, मग लेकरांनी काय घ्यायचं त्यातून?

नाना (ए-१०१): काकू, पुस्तकात बिज्जू हेच विचारतो कोल्ह्याला, की एवढ्या चोरीचं तुला काहीच वाटत नाही का. ज्याची लेकरं उपाशी आहेत तो काय उत्तर देतो, ते मुलांसोबत वाचा. माझ्या नातीने बराच वाद घातला होता माझ्याशी. म्हणून तर म्हणतो, भूक कमी केली की चोरीचा प्रश्नही हलका होतो.

स्नेहाताई (बी-१०४): नाना, भुकेचं तुमचं पटलं. सिनेमात ती दोन-तीन प्रसंगांतच येते आणि पटकन सरते. पण पुस्तक इतकं छोटं की तासाभरात वाचून होतं. सिनेमा ८७ मिनिटांचा, भर तर घालावी लागणारच. मग काय घातलं ते पाहायला हवं. अ‍ॅशला, म्हणजे कोल्ह्याच्या पोराला, खेळात जमत नाही, उंची कमी, आणि बाप सगळं कौतुक पाहुण्या भावाचं करतो. काल समोरच्या सतरंजीवरची मुलं त्या जागी अगदी गप्प होती. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हे दुखणं कोणी समजावून सांगावं लागत नाही.
आणि आई! पुस्तकात ती बिचारी निपचित पडून असते. इथे ती वादळाची चित्रं काढते, आणि नवऱ्याने शब्द मोडला म्हणून त्याच्या गालावर सरळ पंजा ओढते. तो बदल मी पुस्तकापेक्षा वरचा मानते. पुस्तकातली कोल्ह्याची तुटलेली शेपटीही राखली आहे त्यांनी. वर तो शेतकरी बीन ती टायसारखी गळ्यात घालून फिरतो तेव्हा सगळी मुलं ओरडली की नाही?

नाना (ए-१०१): ओरडली. आईबद्दल मान्य. चार पिल्लांचं नाही.

रूपाली (बी-४०१): पुढच्या शनिवारी 'कोरालाइन' लावायचा का? तोही २००९ चाच, तोही पुस्तकावरून.

स्नेहाताई (बी-१०४): मोठ्या मुलांसाठी जरूर. पण त्यातल्या दुसऱ्या जगातल्या आईला डोळ्यांच्या जागी बटणं आहेत आणि ती मुलीच्याही डोळ्यांवर बटणं शिवायला बघते. बालवाडीची पिल्लं रात्री झोपायची नाहीत. त्यांना वेगळं काहीतरी लावू.

नाना (ए-१०१): ही कला बाहेरचीच, असं मुलांना वाटायला नको. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' केला होता, काड्यापेटीतल्या काड्या अशाच एकेक सरकवून. त्याच्याही आधी, 'राजा हरिश्चंद्र' करण्यापूर्वी, वाटाण्याचं रोप उगवताना थोड्या थोड्या वेळाने टिपून त्यांनी सिनेमा बनवला होता. आणि नागपूरच्या महाल भागात, चितार ओळीत जाऊन मूर्ती घडताना दाखवा पोरांना. आतल्या सांगाड्यापासून सुरुवात कशी होते ते कळेल. त्या बाहुल्यांच्या आतही धातूचा सांगाडाच असतो, फक्त त्याला सांधे असतात.

रोहितभाऊ (ए-३०२): आमचा सकाळपासून मागे लागला आहे, आपणही बनवू म्हणून. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल काढला त्याने माळ्यावरून.

स्नेहाताई (बी-१०४): अरे वा, बैल एकदम बरोबर निवडला! चाकं असतात, बोटभर सरकवला की झालं. दहा सेकंदांना १२० फोटो लागतील, म्हणून पहिल्यांदा पाच सेकंदच करा. मोबाइल टेपने स्टूलला पक्का चिकटवा, हातात धरू नका.

मीनाकाकू (सी-२०३): आमच्याकडेही दोन बैल आहेत, मोठा झूल घातलेला आहे. पाठवते.

स्नेहाताई (बी-१०४): पाठवा काकू, पण झुलीला प्रत्येक फोटोच्या वेळी हात लागू द्या, ती हललेली छान दिसेल. रोहित, खिडकी बंद ठेव आणि एकच दिवा लाव. ऊन सरकलं की चित्र लुकलुकतं.

रोहितभाऊ (ए-३०२): हाव ताई. चार वाजता हॉलची किल्ली घेतो.