सायलेंट हिलचा पहिला भाग नव्याने येतोय, पण त्या गल्लीचं काय करणार?

फलटणचा_हॅरी

जून २०२५ मध्ये कोनामीने, म्हणजे सायलेंट हिल हा भीतीचा व्हिडिओ गेम काढणाऱ्या कंपनीने, जाहीर केलं की १९९९च्या पहिल्या भागाचा रिमेक, दुसऱ्याचा रिमेक करणारी ब्लूबर टीमच करतेय. तेव्हापासून दर रविवारी मी एकदा तरी शोधून बघतो, काही नवीन आलंय का. बायको म्हणते, स्वतःच्या बारावीच्या निकालाची तरी इतकी वाट बघितली होतीस का? नव्हती. कारण बारावीच्या वर्षीच हा गेम खेळत होतो.

माझा प्रश्न एकाच जागेबद्दल आहे : सुरुवातीची गल्ली. पण आधी थोडं मागचं सांगायला लागेल.

२००५. आतेभावाने त्याचं जुनं प्लेस्टेशन मला देऊन टाकलं. परदेशी सीडीही चालावी म्हणून चिप बसवलेलं, झाकण नीट न लागणारं. झाकणावर डिक्शनरी ठेवली तरच सीडी फिरायची. सोबत पाकिटात सहा सीड्या, त्यातल्या एकीवर मार्करने 'सायलंट हील'. मेमरी कार्ड नव्हतं. म्हणजे गेमच्या नायकाला, हॅरीला, सेव्ह करायची वही सापडली तरी सेव्ह होत नसे, मशीन बंद केलं की सगळं पुसलं. मग मी रात्री फक्त टीव्ही बंद करायचो आणि प्लेस्टेशन तसंच चालू ठेवायचो, आईला दिवा दिसू नये म्हणून वर टॉवेल टाकून. दिवस लोडशेडिंगचे. सकाळी सहाला लाईट जायची ती नऊला यायची, आणि मी परत गल्लीच्या तोंडाशी.

त्यामुळे पहिले दोन महिने गेममधल्या मिडविच शाळेच्या पुढे मी गेलोच नाही. गल्ली मात्र चाळीसेक वेळा तरी झाली असेल.

ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी : हॅरी मेसनची गाडी आदळते, शुद्धीवर येतो तर शेजारच्या सीटवरची मुलगी, शेरिल, गायब. धुक्यात ती पुढे पळताना दिसते, तो मागे. गल्लीत वळलो की कॅमेरा आपल्याला सोडून जातो. कधी वरून बघतो, कधी तिरका होतो. गच्चीवरून कुणीतरी वाकून बघतंय आणि त्याला आपल्याशी काही देणंघेणं नाही, असं वाटतं. उलटी पडलेली व्हीलचेअर, तिचं चाक अजून फिरतंय. मग भोंगा. अंधार. हॅरी काडी ओढतो. पुढे जाळीवर जे लटकवलंय ते सांगत नाही. मग चाकू घेतलेली लहान मुलं येतात आणि तुम्ही मरता. पळता येत नाही, वाचता येत नाही. डोळे उघडतात ते कॅफेमध्ये.

त्याच काळातल्या रेझिडेंट ईव्हिल या दुसऱ्या भीतीच्या गेममध्ये मागची दृश्यं आधी काढून ठेवलेली चित्रं होती, म्हणून कॅमेरा खिळलेला. इथे सगळं थ्रीडी, कॅमेरा फिरवता येत होता, आणि त्यांनी तो फिरवला तो आपल्यापासून लपवण्यासाठी. हॅरीला समोर जे दिसतंय ते मला दिसत नाही. माझी सगळी भीती तिथेच होती.

दुसऱ्या भागाच्या रिमेकमध्ये कॅमेरा खांद्यामागे आणलाय. इथेही तसंच करणार असं धरून चालतोय. मग त्या गल्लीत उरणार काय? माझ्याकडे अजून प्लेस्टेशन ५ (पीएस५) नाही, म्हणून ज्यांनी दुसरा खेळलाय त्यांना विचारतोय.

बिनआवाजी_पक्षी

टॉवेलवाला भाग वाचून पोट धरून हसलो. मशीन जळलं कसं नाही?

कॅमेऱ्याची काळजी मला तेवढी नाही. २०१९मध्ये रेझिडेंट ईव्हिल २ नव्याने आला तेव्हाही हीच रडारड होती. खांद्यामागचा कॅमेरा म्हणजे भीती संपली, म्हणे. मग पोलीस स्टेशनच्या अंधाऱ्या कॉरिडॉरमध्ये टॉर्च घेऊन फिरताना सगळे गप्प झाले. आणि मूळचं धुकं तरी काय होतं? प्लेस्टेशनला लांबचं शहर काढायला झेपत नव्हतं, म्हणून समोर धुकं सोडलं. अडचण होती, तिचंच गाव केलं. कॅमेऱ्याचंही असंच काहीतरी करतील.

माझी काळजी हॅरी आहे. हॅरी लेखक आहे हो. पोलीस नाही, सैनिक नाही. धावता धावता भिंत आली की दोन्ही हात पुढे करून आदळतो. थोडं पळाला की धापा टाकतो. दोन हातांवरच्या कुत्र्यावर झाडलेली गोळीही चुकते. दुसऱ्या भागाच्या रिमेकमध्ये त्यातल्या नायकाला, जेम्सला, बाजूला उडी मारून वार चुकवायचं बटण दिलंय. वापरायला मजा येते, खोटं कशाला बोलू. पण शेरिलचा बाप जर कबड्डीपटूसारखा हुलकावण्या द्यायला लागला, तर मी पैसे परत मागेन.

आणि पियानोचं कोडं सोपं केलं तर मोर्चा काढू. पक्ष्यांची कविता, रक्ताचे शिंतोडे पडलेल्या पट्ट्या, त्यातल्या काही वाजतच नाहीत. दाबायच्या नेमक्या त्याच, न वाजणाऱ्या. मला चार दिवस लागले होते. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

चिप_बसवलेला

भावा, एक मिनिट. चाकूवाली लहान मुलं?

२००२ ते २००६ सांगलीत माझं गेम पार्लर होतं, तासाला पंधरा रुपये. हा गेम मी स्वतः तीनदा संपवलाय, तिथे मुलं नव्हती. बुटकी, लांब नख्यांची, कुरकुर करणारी जनावरं होती. गल्लीतही तीच, शाळेतही तीच.

मला सांग, तुझ्या टीव्हीवर चित्र रंगीत होतं का?

फलटणचा_हॅरी

नाही! तुम्हाला कसं कळलं? सगळं काळं-पांढरं दिसायचं. बाकीच्या पाच सीड्या रंगीत चालायच्या, म्हणून मला वाटायचं हा गेमच तसा बनवलाय. खरं सांगायचं तर मला ते भारी वाटायचं.

चिप_बसवलेला

मग झालं. तुझी सीडी अमेरिकन. तिकडची टीव्हीच्या रंगाची पद्धत एनटीएससी, आपले जुने टीव्ही नुसते पाल पद्धतीवाले. चिपमुळे सीडी चालायची, पण टीव्हीला रंग समजायचा नाही. माझ्याकडे गिऱ्हाईकं भांडायची, 'काका, ह्याचा कलर गेलाय, दहाच रुपये देणार.'

अमेरिकेतल्या आवृत्तीत ती मुलं आहेत. युरोपच्या आणि जपानच्या आवृत्तीत त्यांच्या जागी ती जनावरं घातली, लहान मुलांसारख्या दिसणाऱ्या राक्षसांना मारायचं म्हणजे जरा जास्तच होतं म्हणून. माझी सीडी युरोपची होती. म्हणजे वीस वर्षं आपण दोघं एकाच नावाचे दोन गेम मनात धरून बसलोय.

माझा प्रश्न मग वेगळाच आहे. रिमेकमध्ये मुलं येणार की जनावरं? १९९९मध्ये चार ठोकळे जोडून केलेलं मूल होतं, चेहरा धड दिसत नव्हता. आजच्या मशीनवर त्याच मुलाच्या पापण्या मोजता येतील. तिथे ब्लूबरची खरी परीक्षा आहे. कॅमेरा मागून.

उशिरा_आलेली

दादालोक, मी तुमच्यापेक्षा बरीच लहान. पहिला भाग खेळलेलाच नाही. ८ ऑक्टोबर २०२४ला दुसऱ्याचा रिमेक आला तो माझा पहिला सायलेंट हिल. म्हणून हॉस्पिटलमधल्या नर्सचं पुढे काय होतं हे कृपया कुणी लिहू नका, मागच्या एका धाग्यावर अर्धं वाक्य वाचूनच पळाले होते.

हॅरीदादा, तुम्ही म्हणता कॅमेरा आपल्या हातात आला की भीती जाते. मला उलटं वाटलं. सुरुवातीला जेम्स जंगलातल्या पायवाटेने गावाकडे उतरतो. काही होत नाही. पण मागे पावलं वाजल्यासारखं वाटतं, आणि मान माझ्या अंगठ्यात. वळून बघायचं की नाही हे मीच ठरवायचं. तुमच्या गल्लीत तो निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतलेला असतो. मला ते बरं वाटलं असतं उलट! मी अख्खी पायवाट न वळता चालले आणि घरचे विचारत होते, अशी अवघडून का बसलीयेस.

आणि राक्षस जवळ आला की गेममधला रेडिओ खरखरतो ना, ती खरखर पीएस५वर कंट्रोलरमधून येते. टीव्हीतून नाही, हातातून. पहिल्यांदा आली तेव्हा मी कंट्रोलर गादीवर टाकून दिला. पहिल्या भागात तो रेडिओ कॅफेच्या टेबलावर सापडतो ना? तो क्षण तसा आला तर तुम्हीपण टाकाल, लिहून ठेवा.

बिनआवाजी_पक्षी

ताई, त्या क्षणी रेडिओ फक्त वाजत नाही. खिडकीतून काहीतरी आत येतं. कंट्रोलरला दोरी बांधून ठेवा.

फलटणचा_हॅरी

काल रात्री हे सगळं वाचून झोप लागली नाही, आणि कारण गेम नव्हे.

उशिरा_आलेली, तुमचं पटलं, पण सगळं नाही. वळायचं की नाही ही भीती वेगळी, वळताच येत नाही ही वेगळी. आता मला दोन्ही हव्यात असं वाटायला लागलंय. गल्लीच्या तोंडाशी मान माझ्या हातात द्या आणि व्हीलचेअरपर्यंत जाता जाता हळूच काढून घ्या. अंगठा फिरवतोय आणि चित्र फिरत नाहीये. तेवढं जरी केलं ना, तरी चाळीस वेळा मेल्याचं सार्थक.

पण मला खरा धक्का दिला तो चिपवाल्या काकांनी. हॅरी दुसऱ्या जगात, म्हणजे त्याच गावाच्या भयाण रूपात, जातो तेव्हा सगळीकडे गंज आणि रक्त असतं म्हणे, तांबडं. मी २००५ पासून ते सगळं करडंच धरून चाललोय. माझ्यासाठी त्या शाळेतल्या भिंती ओल्या सिमेंटच्या आहेत. काल यूट्यूबवर तो भाग रंगीत लावला आणि पाच मिनिटांत बंद केला. दुसऱ्याच कुणाची तरी शाळा वाटली.

पीएस५चे पैसे बाजूला टाकायला सुरुवात केलीय. रिमेक आला की शाळेपर्यंत तरी टीव्हीचा रंग शून्यावर नेऊन खेळणार, हे ठरलंय. बायकोला सांगितलं तर म्हणाली, मग इतका महागाचा टीव्ही घेतला कशाला.

चिप_बसवलेला

रंग शून्यावर ने, डिक्शनरीपण ठेव वरती. फक्त सेव्ह कर रे बाबा.

फलटणचा_हॅरी

करतो. पण आईकडे खेळलो तर टॉवेल टाकणार.