मृदा आरोग्य पत्रिका, केव्हीके (कृषी विज्ञान केंद्र) आणि सल्ल्याचा पैसा

कुलकर्णी ताई (ए-१०२): मृदा आरोग्य पत्रिकेवर गट नंबर आपला, पण माती तपासणीचे आकडे शेजारच्या गटाचेच. असं कसं?

पाटील (सी-५०१): ताई, यात प्रयोगशाळेची चूक नाही. २०१५ ला योजना आली तेव्हा नमुने शेतागणिक नव्हे, नकाशावरच्या चौकोनागणिक धरले. बागायतीत २.५ हेक्टरला एक नमुना, जिरायतीत १० हेक्टरला एक. चौकोनातल्या सगळ्या खातेदारांना तेच आकडे. अर्धी जमीन भारी आणि अर्धी मुरमाड असली की पत्रिका दोघांच्याही उपयोगाची नाही. आपला नमुना वेगळा द्या.

कुलकर्णी ताई: माती कशी काढायची?

शिंदे काका (बी-३०४): पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, पाणी साचतं तो भाग सोडायचा. नागमोडी चालत ८-१० ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची माती खरवडा. सगळी एकत्र कालवून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या गोणीत अजिबात भरू नका, गोणीतलं खत आकड्यांत उतरतं. जस्त-लोह तपासायचं असेल तर लोखंडी घमेलंही नको, प्लास्टिकचं घ्या.

पाटील: फळबागेला वीतभर माती पुरत नाही, थराथराने खोलवरची लागते. तो नमुना वेगळा.

कुलकर्णी ताई: आणि द्यायचा कुठे?

पाटील: जिल्ह्याच्या केव्हीकेत. संस्था कुणाचीही असो, केव्हीकेचा पैसा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडून येतो, आपल्याकडे परिषदेच्याच पुण्यातल्या 'अटारी' या संस्थेमार्फत. विद्यापीठांतल्या समन्वित संशोधन प्रकल्पांना केंद्र ७५, राज्य २५ टक्के. 'आत्मा' या जिल्ह्याच्या कृषी विस्तार यंत्रणेला केंद्र ६०, राज्य ४०. एका बाजूचा हप्ता अडला की प्रात्यक्षिकाचं बियाणं पेरणी उलटून गेल्यावर हातात पडतं, आणि मग त्या प्रात्यक्षिकाला काही अर्थ राहत नाही.

शिंदे काका: त्याहून वाईट गत कंत्राटी पदांची. केव्हीकेंमध्ये देशभर १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती. एक तज्ज्ञ, एक निरीक्षक, तालुकानिहाय सल्ला. २०२३-२४ चं आर्थिक वर्ष संपताना ती बंद केली. हा निर्णय मला अजिबात पटलेला नाही. पाऊस येणार हे मोबाईलही सांगतो. पण तालुक्यातली कपाशी पात्यावर आहे की बोंडावर, हे बघून 'फवारणी दोन दिवस थांबवा' म्हणायला माणूसच लागतो. औषध धुऊन गेलं तर पुन्हा औषध, पुन्हा मजुरी, आणि कीड तोवर वाढलेली.

कुलकर्णी ताई: मग आता हा सल्ला कोण देतं काका?

शिंदे काका: राहुरी, अकोला, परभणी, दापोली विद्यापीठांची केंद्रं. मंगळवारी आणि शुक्रवारी. पण एका केंद्राकडे अनेक जिल्हे, त्यामुळे सल्ला ढोबळ येतो. 'मेघदूत' ॲपवर जिल्हा निवडा, आणि फवारणीच्या आदल्या दिवशी केव्हीकेच्या पीक संरक्षणवाल्यांना फोन करून पिकाची अवस्था सांगाच.