मदत हवी आहे: गेमर भावाच्या हाताला मुंग्या, ठाणे-वाशी पट्ट्यात कुणाला दाखवावं?

धाकटा भाऊ व्हॅलोरंट हा कॉम्प्युटर गेम व्यावसायिक पातळीवर खेळतो. सराव दुपारी चारपासून मध्यरात्रीपर्यंत. माउसच्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होतात, झोपेतही मुंग्या येतात. मनगटाचा पट्टा लावून झाला, खुर्चीची उंची बदलली, फरक नाही. साखर आणि बी-१२ नॉर्मल. कार्पल टनेलमध्ये (मनगटापाशी नस दबते तेव्हा) अंगठ्याकडची बोटं धरतात, इथे उलट बाजू. म्हणून कोपरापाशी नस दबत असेल असं वाटतं (टेबलाच्या कडेवर कोपर रेटून बसतो, सांगून थकलो). ‘खेळ सोड’ हा सल्ला नको, पगार त्याचाच येतो.

आधी नर्व्ह कंडक्शन टेस्ट (नसेतून संदेश नीट जातो का ते बघणारी तपासणी) करून घ्यावी की थेट हाताच्या सर्जनकडे जावं? आणि ऐरोलीहून जवळ, दुपारी चारच्या आत वेळ देणारा, हाताच्या नसांचं काम नीट जाणणारा फिजिओ कुणाच्या अनुभवातला आहे का?