मदत हवी आहे: ५२ – २७ = ३५, पण चूक एकच नाही

नमस्कार. जत तालुक्यात पूर्वेकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी-चौथी एकत्र सांभाळते. पट २३. बरीच मुलं घरी कन्नड बोलतात.

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी दरवर्षी भरते ('वजाबाकीचा सराव आवश्यक' हे मी झोपेतही लिहीन). यंदा मात्र गुण देऊन पेपर बाजूला ठेवले नाहीत. ५२ – २७ चं उत्तर नऊ जणांनी ३५ लिहिलं होतं. एकेकाला जवळ बसवून "कसं केलंस ते बोलून दाखव" म्हटलं. पाच जणांनी सातातून दोन काढले, मोठ्यातून लहान जातो म्हणून. चौघांनी हातचा बरोबर घेतला, बारातून सात पाच, पण दशकातला एक कमी करायचा राहिला. उत्तर तेच!

शिवाय तिघांनी २५ – ७२ मांडलं होतं. उदाहरण मी तोंडी सांगितलेलं. कन्नडमध्ये 'ऐवत्तेरडु', म्हणजे आधी पन्नास, मग दोन. आपल्या 'बावन्न'मध्ये आधी दोन. त्यांना वजाबाकी येत नाही असं मी वर्षभर समजत होते.

आता पुन्हा सगळ्या वर्गाला हातचा शिकवला तर उरलेले अकरा जण कंटाळणार. गट केले तर एका तासिकेत तीन गट आणि दोन इयत्ता कशा बसवायच्या? आणि 'कच्च्यांचा गट' मुलांना लगेच कळतो, तो शिक्का कसा टाळायचा?

प्रतिसाद:
मॅडम, आधी उदाहरण बदला. एककात सात वजा दोन आणि बारा वजा सात, दोन्ही पाचच, म्हणून दोन्ही चुका एकमेकींत मिसळल्या. ५२ – २८ द्या. पहिल्यांचं ३६ येईल, दुसऱ्यांचं ३४. एकेकाला बसवायला नको. पहिल्यांना काड्यांचे गठ्ठे सोडायला लावा, दुसऱ्यांना फक्त दशक खोडून नवा अंक वर लिहायची सवय. त्या तिघांना वजाबाकी नकोच, परिपाठानंतर पाच मिनिटं ऐकून संख्याकार्ड उचलू दे. गट रोज बदलते ठेवा, त्या तिघांना कधी कन्नड आकडे वर्गाला शिकवायला लावा.

धागाकर्ती:
५२ – २८! हे सुचलंच नव्हतं. उद्याच फळ्यावर लिहून देते, तोंडी नाही. पण सर, गठ्ठेवाल्यांजवळ मी बसले की चौथीकडे कोण बघणार?