गॅसच्या आधीचं इंदूर: बुरादा, गोळे आणि काकडा

घरात सिलिंडर येण्याआधी इंदूरच्या वाड्यांत चूल-सिगडीची निम्मी कामं पोरांच्या गळ्यात असत. ज्यांच्या हाताला ती अजून आठवतात त्यांनी लिहा. नुसतं 'काय दिवस होते' नको, मापासकट हवं. खाली एकेका मोहल्ल्यातून आलेली उत्तरं.

रामबाग
बुराद्याची सिगडी. (पुण्याकडचे लाकडाचा भुसा म्हणतील, इथे आरामशीनवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत, बुरादाच मागायचा.) पत्र्याचा डबा, बुडाशी एका बाजूला भोक. भोकातून गोल लाकूड मध्यापर्यंत सरकवायचं, त्याला टेकवून मधोमध रिकामी बाटली उभी धरायची. मग बुरादा घालत चार-चार बोटांचा थर मुठीने ठोकायचा. घाई नडते ती इथेच. थर ढिला राहिला की जळताना भिंत आत ढासळते, बोगदा बुजतो, खिचडी अर्धकच्ची. बाटली गोल फिरवत वर काढायची. सरळ ओढली तर काठ सुटतो. आडवं लाकूड शेवटी. खालून कागदाचा बोळा पेटवला की दोन-तीन तास एकसारखी आच. बुरादा ओला असेल तर मात्र नुसता धूर.

इमली बाजार
बाटलीऐवजी लाटणं वापरू नका, बोगदा अरुंद होतो आणि हवा खेचत नाही. आच कमी करायला खालचं तोंड विटेच्या तुकड्याने अर्धं झाकायचं.

मालवा मिल
कोळशाचा चुरा कोणी फेकून देत नसे, त्याचे गोळे वळत. 4 घमेली चुरा, 1 घमेलं पिवळी माती, मूठ-दोन मुठी शेण. मालव्याची काळी माती घेतली तर वाळताना आकसते, गोळ्याला तडे जातात. गोळे लिंबाएवढेच, मोठे केले की आतून काळे राहतात. तीन-चार दिवस गच्चीवर कडक ऊन. सिगडी अंगणात पेटवून निखारे लाल झाल्यावर आत आणायची, तरी खिडकी उघडीच हवी. थंडीत ती बंद खोलीत ठेवून झोपणं जिवावर बेततं.

नारायण बाग
पितळी स्टोव्ह. टाकी पाऊणच भरायची. स्पिरिटमध्ये भिजलेला काकडा बर्नरच्या गळ्याला अडकवून पेटवायचा, हवा सोडायची चावी उघडी. काकडा विझत आला की चावी बंद, मग पंप. आधी पंप मारला तर थंड बर्नरमध्ये घासलेटची वाफ होत नाही. पिचकारी उडते आणि भडका.
ज्योत पिवळी झाली की निपलमध्ये, म्हणजे बर्नरच्या बारीक भोकात, कचरा, पिन मारा. पिन मापाचीच हवी. जाड पिन घुसवली की भोक मोठं होतं. मग कितीही पंप मारा, निपल बदलेपर्यंत काजळीच. पंप हलका लागतोय, हवा भरत नाही? आतलं चामड्याचं वायसर वाळलंय. दोन थेंब गोडेतेल लावून कडा बोटाने फाकवायच्या.

लोकमान्य नगर
बुराद्याचा डबा विझत आला की त्या धगीवर भरताचं वांगं. उरलेली राख चाळून कंदिलाची काच घासायला. काच धुतली तर पूर्ण कोरडी करूनच लावा, ओली तडकते.